पेन ड्राइव्हवर बॅकअप आणि फ्रीफाइलसिंक: कुठे जमतं, कुठे अडतं

घरचे फोटो, सोसायटीची कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट, चार-पाच वर्षांच्या एक्सेल फाइली. एवढं सगळं दर एक-दोन दिवसांनी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायचं असेल, तर विंडोजवर फ्रीफाइलसिंक, म्हणजे दोन फोल्डर जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर, हीच पहिली शिफारस. मात्र इन्स्टॉल केलं, दोन फोल्डर दाखवले आणि विसरून गेलो, असं करून चालत नाही. पेन ड्राइव्ह हा हार्ड डिस्कचा धाकटा भाऊ नव्हे. त्याची लिहिण्याची पद्धत वेगळी, फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची व्यवस्था) बहुधा वेगळी आणि विंडोज त्याला वागवतंही वेगळं. सॉफ्टवेअरशी त्याची भांडणं होतात ती याच तीन कारणांवरून.

विंडोजच्या घरच्या सोयीपासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण आधी तिथेच ठेचकाळतात. कंट्रोल पॅनेलमधलं ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ विंडोज १० आणि ११ मध्येही आहे. त्यातून सिस्टिम इमेज (विंडोजसकट सगळ्या ड्राइव्हची एकगठ्ठा प्रत) घ्यायला गेलात की १२८ जीबीचा कोरा पेन ड्राइव्हसुद्धा ‘ही जागा चालणार नाही’ म्हणून परत येतो. इथे जागा कमी पडलेली नसते. यूएसबी उपकरण संगणकाला आपली ओळख सांगतं त्यात ‘मी रिमूव्हेबल आहे’ असा एक बिट, म्हणजे चालू-बंद खूण, असतो. पेन ड्राइव्हमध्ये तो चालू असतो, बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये सहसा बंद. सिस्टिम इमेज घेणारा प्रोग्रॅम तो बिट बघूनच नकार देतो. फॉरमॅट बदला, केबल बदला, पोर्ट बदला, काही उपयोग नाही.

यावर एक जुगाड प्रसिद्ध आहे. पेन ड्राइव्हवर फोल्डर करायचा, तो शेअर करायचा आणि नेटवर्क लोकेशन म्हणून दाखवायचा. बॅकअप होतोही. पण नेटवर्क लोकेशनवर फक्त शेवटची इमेज राहते, आणि संगणक सुरूच होत नसेल तेव्हा ती परत मिळवताना तुम्हाला रिकव्हरीच्या पडद्यावर शेअर शोधत बसावं लागतं, तेही ज्या संगणकाने शेअर दिला होता तोच बंद असताना. बॅकअप घेणं सोपं आणि परत मिळवणं अवघड, हा सौदा उलटा आहे. सिस्टिम इमेज हवीच असेल तर बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या.

फ्रीफाइलसिंक हा उद्योगच करत नाही. ते फाइली जशाच्या तशा उतरवतं. त्याचा स्वतःचा बंदिस्त फॉरमॅट नाही, त्यामुळे पेन ड्राइव्ह कुठल्याही संगणकाला लावून फाइल थेट उघडता येते. पेन ड्राइव्हसाठी हीच पद्धत योग्य. एका मोठ्या इमेज फाइलचा एक तुकडा खराब झाला तर सगळी इमेज धोक्यात येते. इथे खराब झाली तर एखादी फाइल जाते.

मांडणी अशी करावी. डावीकडे मूळ फोल्डर, उजवीकडे पेन ड्राइव्हवरचा फोल्डर. एफ८ दाबून सिंकच्या सेटिंगमध्ये ‘मिरर’ निवडा, म्हणजे उजवी बाजू डावीची हुबेहूब प्रत होते. ‘टू वे’, म्हणजे दोन्हीकडचे बदल एकमेकांकडे नेणारी पद्धत, बॅकअपसाठी नाही. पेन ड्राइव्हवर कुणी चुकून फाइल उडवली की ती मूळ फोल्डरातूनही जाईल. एफ५ ने तुलना, यादीवर नजर, मग एफ९ ने सिंक. यादी न बघता एफ९ दाबायची सवय लावून घेऊ नका. डावीकडचा फोल्डर चुकून भलताच निवडला असेल तर मिरर इमानदारीने उजवीकडचं सगळं पुसून टाकेल. दोन्ही बाजूंत फारच फरक असेल तर सॉफ्टवेअर इशारा देतं, आणि तो इशारा ‘पुन्हा दाखवू नका’ म्हणून बंद करणारे महाभाग असतात.

आता नेहमीची तक्रार: ‘काल चालत होतं, आज ड्राइव्ह सापडत नाही म्हणतंय.’ काल पेन ड्राइव्हला ई: अक्षर मिळालं होतं, आज आधीच कार्ड रीडर किंवा दुसरा पेन ड्राइव्ह लावलेला होता म्हणून एफ: मिळालं. सॉफ्टवेअर ई: शोधत बसतं. यावर दोन उपाय आहेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हवर उजवं क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून शेवटाकडचं अक्षर द्यायचं, पी: किंवा टी: वगैरे, जे विंडोज आपणहून दुसऱ्याला द्यायची शक्यता कमी. दुसरा उपाय फ्रीफाइलसिंकचा स्वतःचा आणि जास्त चांगला. पाथमध्ये अक्षराऐवजी ड्राइव्हचं नाव चौकटी कंसात लिहायचं, म्हणजे [बॅकअप]\सोसायटी असं. मग अक्षर कुठलंही येवो, ते नावावरून ड्राइव्ह शोधतं. याच सोयीचा आणखी एक फायदा होतो. दोन पेन ड्राइव्हना एकच नाव द्या, आलटून पालटून एका वेळी एकच लावा, आणि तीच सेटिंग दोघांना चालते. एक घरी, एक बाहेर ठेवता येतो. दोन्ही एकदम लावू नका, एवढंच पथ्य.

फाइल सिस्टिमचा घोळ मात्र सॉफ्टवेअर सोडवू शकत नाही, तो आधीच निस्तरावा लागतो. ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह सहसा फॅट३२ मध्ये येतात. त्यात एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. लग्नाचा व्हिडिओ किंवा आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल त्याहून मोठी झाली की कॉपी अडते, ड्राइव्हवर २० जीबी मोकळे असले तरी. ड्राइव्ह कोरा असेल तर सरळ एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. भरलेला असेल तर कमांड प्रॉम्प्टवर ‘कन्व्हर्ट’ कमांड फाइली न पुसता फॅट३२ चं एनटीएफएस करते. त्याआधी महत्त्वाचं दुसरीकडे उतरवून घ्या, हे सांगायला नको.

६४ जीबी आणि पुढचे ड्राइव्ह सहसा एक्सफॅटमध्ये येतात. तिथे ४ जीबीची अडचण नाही, पण दुसरी आहे. विंडोजमध्ये ३२ जीबीहून मोठ्या एक्सफॅट ड्राइव्हचं क्लस्टर (फाइलीला मिळणारा जागेचा सर्वांत छोटा तुकडा) मुळात १२८ केबीचं असतं. म्हणजे २ केबीची टेक्स्ट फाइलही १२८ केबी जागा अडवते. असल्या ४०,००० बारीक फाइली असतील तर जवळपास ५ जीबी जागा जाते, आणि मूळ फोल्डर शंभर एमबीसुद्धा नसतो. ‘मावायला हवं होतं, तरी ड्राइव्ह भरला कसा?’ याचं उत्तर बहुधा हेच. एनटीएफएसचं क्लस्टर ४ केबीचं. शिवाय एनटीएफएस जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवतं, एक्सफॅट ठेवत नाही. कॉपी चालू असताना ड्राइव्ह उपटला तर एक्सफॅटची फोल्डरांची नोंद बिघडायची भीती जास्त. टीव्हीला किंवा मॅकला लावायचा नसेल तर बॅकअपचा ड्राइव्ह एनटीएफएसच ठेवावा.

परदेशात असलेल्यांसाठी एक खास मुद्दा. फॅट३२ फाइलची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे आणि दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने लिहितं. दोन सेकंदांचा फरक फ्रीफाइलसिंक आपणहून दुर्लक्षित करतं. पण अमेरिका, ब्रिटनमध्ये घड्याळ तासभर मागे-पुढे झालं की ड्राइव्हवरच्या सगळ्याच फाइली एक तासाने वेगळ्या दिसू शकतात आणि सॉफ्टवेअर सगळा बॅकअप पुन्हा लिहायला निघतं. एफ६ च्या तुलनेच्या सेटिंगमध्ये ‘इग्नोर टाइम शिफ्ट’ला एक तास दिला की हे थांबतं. भारतात घड्याळ बदलत नाही, त्यामुळे ही डोकेदुखी नाही.

पुसलेल्या फाइलींचं काय होतं, हे फार कमी जण बघतात. फ्रीफाइलसिंक जुन्या फाइली रिसायकल बिनमध्ये टाकतं, पण विंडोज पेन ड्राइव्हला रिसायकल बिनच देत नाही. मग फाइल कायमची जाते. सॉफ्टवेअर तसा इशारा देतं, पण इशारे वाचतो कोण! एफ८ मध्ये ‘व्हर्जनिंग’ (जुन्या प्रती जपणं) निवडा, नावाला टाइम स्टॅम्प लावा, आणि जुन्या प्रतींसाठी पेन ड्राइव्हवरच पण मिरर होणाऱ्या फोल्डरच्या बाहेर जागा द्या, म्हणजे [बॅकअप]\जुन्या प्रती. त्याच ड्राइव्हवर असल्याने फाइल कॉपी न होता नुसती हलते, वेळ जात नाही. किती दिवसांच्या आणि किती प्रती ठेवायच्या याची मर्यादाही तिथेच घालता येते. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या आणि त्यानंतर मिरर चालला, तर याच जुन्या प्रती कामी येतात, अर्थात रॅन्समवेअर आलं तेव्हा पेन ड्राइव्ह लावून ठेवलेला नसेल तर.

रॅन्समवेअरवरून आठवलं. विंडोज सिक्युरिटीमधला ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये लिहायला फ्रीफाइलसिंकला मनाई होते. बॅकअप घेताना लिहायचं काय, असा प्रश्न पडेल. ते तुलनेच्या वेळी फोल्डरात तात्पुरती लॉक फाइल टाकतं, आणि फाइली परत आणताना तर लिहावंच लागतं. ‘अलाऊ ॲन ॲप’मधून परवानगी द्या. इथे एक खोच आहे: दिसतो तो प्रोग्रॅम नुसता सुरुवात करून देतो, खरा प्रोग्रॅम आतल्या ‘बिन’ फोल्डरमध्ये असतो, नावापुढे एक्स६४ लावलेला. परवानगी दोघांनाही द्यावी लागते.

उघड्या फाइलींसाठी प्रेफरन्सेसमध्ये ‘कॉपी लॉक्ड फाइल्स’ आहे. ते विंडोजच्या शॅडो कॉपीची मदत घेतं, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. आउटलुक उघडं असतानाही पीएसटी उतरते. टॅलीसारखं हिशोबाचं सॉफ्टवेअर मात्र बंद करूनच बॅकअप घ्या. शॅडो कॉपी त्या क्षणाचं चित्र घेते. नोंद अर्धी लिहून झाली असेल तर अर्धीच येते.

आपोआप चालवायचं तर सेटिंग बॅच जॉब (न विचारता चालणारं काम) म्हणून साठवा. ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘प्रोग्रॅम’च्या जागी फ्रीफाइलसिंकची एक्झी फाइल आणि ‘ॲड आर्ग्युमेंट्स’मध्ये बॅच फाइलचा पूर्ण पाथ, अवतरण चिन्हांत. उलटं केलं की काहीच घडत नाही. काम संपल्यावर परतीचा आकडा मिळतो: ० म्हणजे सुरळीत, १ इशारे, २ चुका, ३ मध्येच रद्द. सोबत येणारं रिअलटाइमसिंक पेन ड्राइव्ह लावला की बॅकअप सुरू करतं, ते सोयीचं. पण दर बदलाला लिहीत राहील असं दिवसभर ठेवू नका. स्वस्त फ्लॅश मेमरीचं आयुष्य लिहिण्यानेच खर्च होतं.

कॉपी मध्येच तुटत असेल, ‘सेमाफोर टाइमआउट’ किंवा ‘आय/ओ डिव्हाइस एरर’ येत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. हब काढून ड्राइव्ह डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. तरीही तेच, तर ड्राइव्ह संपत आलाय.

ड्राइव्ह अचानक ‘राइट प्रोटेक्टेड’ झाला तर डिस्कपार्ट (कमांड प्रॉम्प्टवरचं डिस्क हाताळायचं साधन) उघडा, आकार बघून योग्य डिस्क निवडा (चुकीची निवडलीत तर वाचवायला कुणी नाही) आणि ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क’ द्या. ‘रीड-ओन्ली’ला ‘येस’ असेल तर ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ने सुटेल. तिथे ‘नो’ आणि ‘करंट रीड-ओन्ली स्टेट’ला ‘येस’ असेल, आणि कडेला लॉकची कळ नसेल, तर बहुधा आतल्या कंट्रोलरनेच (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपनेच) मेमरी थकली म्हणून दार लावून घेतलंय. डेटा वाचता येतोय तोवर उतरवून घ्या आणि ड्राइव्ह ई-कचऱ्यात द्या.

फ्रीफाइलसिंकचा खरा कमकुवत दुवा वेगळाच आहे: ते विंडोजच्या शब्दावर विश्वास ठेवतं. काही शे रुपयांत मिळणाऱ्या ‘२ टीबी’ पेन ड्राइव्हमध्ये खरी मेमरी ३२ किंवा ६४ जीबी असते आणि कंट्रोलर खोटा आकडा सांगतो. खरी जागा संपल्यावरही तो ‘लिहिलं’ म्हणत राहतो, सॉफ्टवेअर हिरवी खूण देतं, आणि फाइली उघडत नाहीत. नवा ड्राइव्ह आधी एचटूटेस्टडब्ल्यूने तपासा. ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतं. सेकंदाला ८ एमबीने लिहिणाऱ्या ६४ जीबीच्या ड्राइव्हला नुसतं लिहायलाच सव्वादोन तास लागतात, तेव्हा रात्री लावून ठेवा. बॅकअप झाल्यावर ड्राइव्ह काढा, पुन्हा लावा आणि एकदा एफ६ मध्ये ‘फाइल कंटेंट’वर तुलना करा. न काढता केलीत तर विंडोज स्वतःच्या मेमरीतलीच प्रत वाचून ‘बरोबर’ म्हणू शकतं.

ड्राइव्ह ‘इजेक्ट’ होत नसेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जच्या ‘सिस्टिम’मध्ये कर्नल-पीएनपीची २२५ क्रमांकाची नोंद बघा. कुठल्या प्रोग्रॅमने धरून ठेवलंय त्याचं नाव तिथे असतं, कधीकधी अँटिव्हायरसचं.

फ्रीफाइलसिंक फाइली एन्क्रिप्ट करत नाही. विंडोज प्रो असेल तर पेन ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं एन्क्रिप्शन, लावा, पण मग पासवर्ड टाकेपर्यंत शेड्युल केलेला बॅकअप फसेल. पैसे देऊन मिळणाऱ्या डोनेशन एडिशनमध्ये एका वेळी अनेक फाइली कॉपी करायची सोय आहे, तिचा साध्या पेन ड्राइव्हला फायदा नाही. त्यातली पोर्टेबल आवृत्ती मात्र उपयोगाची, कारण सॉफ्टवेअरच पेन ड्राइव्हवर ठेवता येतं. व्यवसायासाठी वापरणाऱ्यांनी बिझनेस एडिशनच्या अटी वाचून घ्याव्यात, आणि डाउनलोड फक्त त्यांच्या अधिकृत साइटवरूनच करावं.