ऑटो जनरेटर स्टार्ट: वर्षभर वापरल्यावर (सेन्सरची जागा आधी बघा!)

जनरेटर आपोआप चालू करणाऱ्या यंत्राचा तापमानाचा सेन्सर दाखवायला नेला, तर ‘सेन्सर उत्तम चालतोय’ हे एक वाक्य ऐकायला डीलरने तासाभराची मजुरी लावली. वॉरंटीत बसत नाही, कारण बिघाडच नाही म्हणे. त्या बिलाच्या रागातच हे लिहितोय.

आम्ही अ‍ॅरिझोनात राहतो, आरव्ही (आत राहता येईल अशी घरासारखी गाडी) पेट्रोलवर चालणारी, जनरेटर ओनन कंपनीचा 4000 वॉटचा आणि छतावर एकच एसी. ऑटो स्टार्ट घेतला तो फक्त मोतीसाठी. कुत्र्याला गाडीत ठेवून आम्ही तासभर बाहेर गेलो आणि आत 80 फॅरनहाइटच्या वर गेलं, तर जनरेटरने आपण होऊन चालू व्हावं, एवढीच अपेक्षा.

जानेवारीत क्वार्टझाइटला वाळवंटात मुक्काम होता. बाहेर स्वेटर घालून चहा पितोय आणि जनरेटर एसीसाठी धडधडतोय! दोन रुपयांची वस्तू घेतानाही घासाघीस करणारा माणूस मी. तासाला साधारण अर्धा गॅलन पेट्रोल असं जाताना बघवेना. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन गाडीभर फिरलो. सोफ्यापाशी 73, आणि वरच्या कपाटात, जिथे सेन्सर डकवलाय, तिथे 82. त्याच कपाटात राउटर, टीव्हीचा डबा आणि दार कायम बंद. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता, पण कपाटाचं तापमान! डीलरचं उत्तर: ‘सगळ्या गाड्यांत तिथेच बसवतो.’ मग सगळ्याच गाड्यांत चूक आहे, दुसरं काय?

शेवटी वायर वाढवून सेन्सर मीच आतल्या भिंतीवर छातीच्या उंचीला लावला. ऊन नाही, एसीचा झोत थेट नाही. तेव्हापासून विनाकारण एकदाही सुरू झालेला नाही. म्हणजे यंत्राला सुरुवातीला दिलेला एक स्टार आता चारवर नेतो. डीलरचा एकच राहील.

जे मला नकोच होतं ते बॅटरीवरचं स्टार्टिंग मात्र मस्त निघालं. ढगाळ दिवस, सोलर ढिम्म, रात्रभर फर्नेसचा (गाडीतल्या हीटरचा) पंखा, 12.2 व्होल्टच्या खाली गेलं की सकाळी जनरेटर आपला चालू. मायक्रोवेव्ह लावला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं, म्हणून व्होल्टेज किती वेळ खाली राहिलं की जनरेटर सुरू व्हावा, तो अवधी 15 मिनिटं ठेवलाय. तो दोन मिनिटांवर असेल तर पोळी गरम करायलाही जनरेटर उठेल.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी डीलरला विचाराच, ते आपणहून सांगत नाहीत. एसीचा थर्मोस्टॅट ‘कूल’वर आणि ऑटो स्टार्टच्या आकड्यापेक्षा कमी ठेवावा लागतो, नाहीतर जनरेटर नुसताच फिरतो आणि आत भट्टी तशीच. दुसरं, ‘क्वाएट टाइम’ (जनरेटर बंद ठेवायची शांततेची वेळ) लावला की त्या वेळात आत कितीही तापलं तरी स्टार्ट होत नाही. आमच्याकडे बॅटरी काढली की घड्याळ पुसलं जातं, मग ही शांततेची वेळ भरदुपारीही येऊ शकते. आणि गाडीची टाकी एक चतुर्थांश उरली की त्याच टाकीवर चालणाऱ्या जनरेटरला पेट्रोल मिळणं बंद. त्यामुळे मोतीला एकट्याला ठेवताना फोनवर तापमान दाखवणारा वेगळा मॉनिटर लावतो. पैसे गेले, पण तिथे काटकसर नाही.

शेडमध्ये गाडी लावताना मात्र ऑटो बंद म्हणजे बंद. बंदिस्त जागेत आपोआप सुरू झालेला जनरेटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. मी स्टिअरिंगवर चिठ्ठीच चिकटवली आहे.