तांब्या पाझरला तेव्हा कळलं

नवरात्रात आमच्याकडे परडी भरतात, सवाष्णी जेवायला येतात. यंदा त्यांना वेगळ्या भांड्यांत वाढायचं मनात होतं. संभाजीनगरच्या एका प्रदर्शनात हवं तसंच दिसलं: परडीच्या आकाराचे वाडगे, काठाला मातीच्या कवड्या, आणि साती आसरांचे सात चेहरे कोरलेला तांब्या. हातात जड, टिचकी मारली की खणखणीत. "तेरच्या कुंभारांकडून हाताने घडवून घेतो, १२०० अंशांवर भाजतो," विक्रेता म्हणाला. गोरोबाकाकांचं गाव! मी १८,६०० रुपये आगाऊ दिले, तेही बिल न घेता.

दीड महिन्याने खोकं आलं. तांब्यात रात्री पाणी भरून ठेवलं, सकाळी खाली ओल. वाडग्यात गरम चिंचेचं सार वाढलं तर कवड्यांचा केशरी रंग सारात उतरला. माझी पाच वर्षांची लेक तो वाडगा तोंडाला लावणारच होती. अजूनही पोटात गोळा येतो. स्वस्त लाल-केशरी रंगांत शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थात ते उतरतं.

कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन पुसलं, तर रंग कापसावर आला. भट्टीत पक्कं झालेलं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, असं सुटत नाही. सगळ्या वाडग्यांवर एकाच जागी साच्याची रेघ. ४५० ग्रॅमची ताटली रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी ५२० भरली. नीट भाजलेलं स्टोनवेअर, म्हणजे मोठ्या आचेवर घट्ट झालेली मातीची भांडी, इतकं पाणी पीतच नाही. म्हणजे नमुना खरा दाखवला आणि माल दुसराच पाठवला.

ताटली घेऊन तेरला गेले. एका कुंभारबाबांनी ती उलटीसुलटी करून बघितली. "माय, आमच्या आव्याला एवढी आच कुठून यायची? आम्ही माठ भाजतो, रांजण भाजतो." त्यांच्या गावाचं नाव कोण विकतंय याची त्यांना खबरही नव्हती. पैशांपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला.

अशी भांडी घेताना आधी बूड बघा. ग्लेझ भट्टीच्या फळीला चिकटतं, म्हणून तळाशी बहुधा उघडी माती दिसते. माझ्या भांड्यांचं बूडसुद्धा रंगवलेलं होतं. भट्टी कुठे आहे ते विचारा, जमलं तर जाऊन या. बिलावर 'जेवणासाठी सुरक्षित' असं लिहून घ्या आणि पूर्ण रक्कम माल तपासल्यावरच द्या.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. भांडी फोडावीशी वाटली, पण पुरावा म्हणून खोक्यात बांधून ठेवली आहेत.