जेकबसन पद्धतीचं स्नायू-शिथिलीकरण: काही महिने वापरल्यावर

कामानं पार पिचलेल्या माणसाला ‘जरा रिलॅक्स हो’ सगळेच सांगतात, पण आवळलेलं अंग सैल करायचं कसं ते कुणी सांगत नाही. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२०च्या दशकात मांडलेली पद्धत तेवढंच शिकवते, आणि म्हणूनच ती पटते. एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा. हात, चेहरा, मान, खांदे, पोट, शेवटी पाय. आवळणं ५ ते ७ सेकंद, सोडून सैल पडून राहणं ३० ते ४० सेकंद. सगळं अंग करायला साधारण २० मिनिटं लागतात.

घोटाळा होतो तो सोडण्यात. लोक जीव खाऊन मूठ आवळतात आणि सैल पडणं उरकून टाकतात. अर्धी-पाऊण ताकद पुरे. सोडायचं मात्र एकदम, झटक्यात. मग तळहातात जडपणा येतो, थोडी ऊब येते, तिथंच लक्ष ठेवायचं. हा फरक ओळखता यायला लागला की ऑफिसात बसल्या-बसल्या खांदे कानाकडे चढलेत हे आपसूक कळतं. खरी कमाई हीच. दात करकचून आवळू नका, मान मागे रेटू नका. पायांची बोटं खाली ताणली की पोटरीत गोळा येतो, दिवसभर घाम गाळून आल्यावर तर जास्तच. त्यापेक्षा पावलं आपल्याकडे ओढा. जिथं दुखापत असेल तो भाग सोडून द्या.

नागपूरच्या मे महिन्यात फरशीवर सतरंजी टाकून, पण कूलरचा झोत मानेवर येणार नाही असं झोपा, नाहीतर मान आखडते. डिसेंबरात अंगावर चादर हवी, कारण सैल पडलं की अंग गार पडतं. जेवणानंतर लगेच केलं तर गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत झोप लागते. मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या आयटी-उद्योगांच्या वसाहतीत, रात्रपाळी करणाऱ्यांना खुर्चीतच मूठ, खांदे, जबडा एवढंही चालतं, ४-५ मिनिटांत होतं.

जोडीला श्वास: ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, नाकानं, ५ मिनिटं. मोठमोठे श्वास ओढले की कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. श्वास सावकाश हवा, खोल नसला तरी चालेल.

काहींना डोळे मिटून पडल्यावर उलट धडधडतं. त्यांनी बसून, डोळे उघडे ठेवून करावं. तरीही त्रास झाला तर थांबावं.

आणि बारा तासांची ड्युटी यानं कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामानं पार पिचून जाण्याची, व्याख्या केली तीही कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या ताणाला धरूनच. त्याला आजार म्हटलेलं नाही. म्हणून साहेबांशी कामाच्या वाटणीचं बोलणं टाळून नुसतं सतरंजीवर पडून राहण्यात अर्थ नाही. दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.