प्रायोगिक नाटक की शूटिंगमधली गर्दी: पुण्यातल्या नोकरदार नटानं काय निवडावं

गेल्या महिनाभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघंही पस्तिशी-चाळिशीतले, नोकरीवाले, कॉलेजात एकांकिका केलेले. आता पुन्हा काम करावंसं वाटतंय, हाताशी वेळ थोडा आहे, तर एखाद्या नाटकाच्या ग्रुपमध्ये शिरावं की शूटिंगला ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून, म्हणजे गर्दीतला माणूस म्हणून जावं? मी दोन्ही केलंय. २००९ ते २०१७ प्रायोगिक नाटक आणि तिथून पुढं मॉब, म्हणजे शूटिंगमधली ही गर्दी. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा एकदा सलग लिहून काढतो.

तालीम म्हणजे काय आणि शिफ्ट म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरलंय. ज्यांना नोकरी सोडून नटच व्हायचंय त्यांच्यासाठी हे लिखाण नाही. त्यांचा हिशोब मुंबईतल्या खोलीच्या भाड्यापासून सुरू होतो आणि तो मी कधी मांडलेला नाही.

नाटक जे देतं ते गर्दीत मिळत नाही, हे आधीच कबूल करतो. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या थिएटरात पहिल्या रांगेतला माणूस तुमच्यापासून चार पावलांवर बसलेला असतो. त्यानं कूस बदलली की वाक्य पडलं, हे लगेच कळतं. भरत नाट्य मंदिरासारख्या मोठ्या थिएटरात शब्दाचं शेवटचं अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत न्यावं लागतं. ही शिकवण दुसरीकडं कुठं मिळेल असं मला वाटत नाही. आज ऑफिसात वीस जणांसमोर मी न अडखळता बोलतो, ते त्या आठ वर्षांच्या जिवावर. शिवाय भूमिका तुमची असते. दोन महिने एकाच माणसाबरोबर राहायला मिळतं. मॉबमध्ये तो माणूस सकाळी कपड्यांच्या गाठोड्यातून मिळतो आणि संध्याकाळी परत करावा लागतो.

वेळेचं गणित मात्र सरळ आहे. आमच्या शेवटच्या नाटकाच्या तालमी दोन महिने चालल्या. रात्री साडेआठ ते अकरा, एका शाळेच्या वर्गात, बाक भिंतीला लावून. त्यातही एकाची सेकंड शिफ्ट, दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा. पूर्ण संच जमला असे दिवस मोजकेच. प्रयोग झाले पाच. मॉबला तालीमच नसते. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: पुरुष, ३० ते ५०, दाढी चालेल, धोतर नेसता येणाऱ्यांना प्राधान्य, पहाटे साडेचारला स्वारगेट. जमत असेल तर नाव टाकायचं, नसेल तर गप्प राहायचं. महिन्यातून एक रजा आणि एखादा रविवार एवढ्यावर माझं भागतं.

आता गर्दीचं काम म्हणजे नेमकं काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते नुसतं उभं राहणं वाटतं. ऐतिहासिक किंवा गावाकडचं काही असेल तर पुण्यातून बस निघते ती बहुतेक भोर, वाई नाहीतर मेणवलीला. भोर पन्नासेक किलोमीटर. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत निम्मे झोपलेले असतात. पोचल्यावर कपडे, पागोटं, हजेरी, नाष्टा आणि मग थांबणं. बारा तासांच्या शिफ्टमध्ये आपण कॅमेऱ्यासमोर किती असतो याचा मी एकदा अंदाज घेतला. सगळे टेक धरून वीस-पंचवीस मिनिटं.

त्या मिनिटांत पाळायच्या गोष्टी मात्र पुष्कळ. सिंक साउंड असेल, म्हणजे आवाज शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड होत असेल, तर पात्रांच्या संवादावर आपला आवाज चालत नाही, म्हणून बाजारातली भांडणंसुद्धा नुसत्या ओठांनी करायची. चपलांच्या तळाला फोमचे तुकडे चिकटवतात. शेजारच्याच्या पावलाला पाऊल जुळू द्यायचं नाही, नाहीतर बाजाराचं संचलन होतं. घागर डाव्या हातात होती की उजव्या, उपरणं कुठल्या खांद्यावर होतं, हे जेवणाच्या सुट्टीनंतरही आठवलं पाहिजे, कारण तोच सीन दुसऱ्या बाजूनं पुन्हा घेतात.

आणि हो, नाव कुणी विचारत नाही. ‘ओ टोपीवाले’, ‘काका, पांढरं उपरणं, जरा मागं’ अशा हाका येतात. जेवणाची रांग वेगळी. बसायला ताडपत्री, तीही सावली सरकली की उन्हात. पहिल्या तीन-चार शिफ्टना हे मला लागलं. तुम्हालाही लागेल, ते मनाशी धरूनच जा. पुढं लक्षात आलं की दीडशे माणसं हलवणाऱ्या पोराला दीडशे नावं लक्षात ठेवणं शक्यच नसतं आणि बहुतेक पोरं आवाज चढवल्यावर नंतर येऊन ‘काका, सॉरी’ म्हणतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मला पुण्याच्या आसपास दिवसाला सातशेपासून बाराशेपर्यंत मिळालेत. धोतर-पागोट्यात वावरता येत असेल तर थोडे वर. एका को-ऑर्डिनेटरकडं, म्हणजे शूटिंगला गर्दी पुरवणाऱ्याकडं, दोन दिवसांचे पैसे अडकले ते अडकलेच. फोन उचलणं बंद झालं आणि मी नाद सोडला. तेव्हापासून बसमध्ये चढण्याआधी तीन गोष्टी विचारतो: शिफ्ट किती तासांची, पैसे त्याच दिवशी की नंतर, परतीची बस ठरलेली आहे का. आणि नाव नोंदवायचे म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मुंबईत मोठ्या चित्रपटांची गर्दी संघटनेच्या कार्डवाल्यांकडून येते, तिथला प्रकार निराळा. पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपला फी कसली?

नाटकात पैसे मिळत नाहीत, हे तुम्ही जाणताच. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला नाटकापासून दूर नेलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तिकिटं.

ज्यांनी केलंय त्यांना हे सांगायला नको. थिएटरचं भाडं, लाइट, सेटचा टेम्पो, मेकअप, हे सगळं नऊ जणांच्या संचात वाटून घ्यायचं आणि प्रत्येकानं पंधरा तिकिटं खपवायची. पहिल्या नाटकाला पंधराची पंचवीस गेली. ऑफिस, सोसायटी, बायकोच्या शाळेतल्या बाई, सगळे आनंदानं आले. दुसऱ्याला थोडे कमी. चौथ्या-पाचव्या नाटकापासून माझा फोन दिसला की माणसं कशासाठी आलाय ते ओळखू लागली. लग्नात भेटलेला मावसभाऊ ‘काय म्हणतोस’ असं विचारताना एक पाऊल मागं सरकायचा. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात मी तालमीत संवाद म्हणत असायचो आणि डोक्यात यादी चालू असायची: कुलकर्णींना दोन, बँकेतल्या मॅडमना दोन, राहिली अकरा. एका प्रसंगात मला रडायचं होतं. त्या वेळीही डोक्यात अकराचा आकडा होता, हे मला आजही खरं सांगावंसं वाटतं.

२०१७ च्या त्या नाटकाच्या वेळी मी आत्याकडं गेलो. आत्या तेव्हा पंच्याहत्तरीची. माझं प्रत्येक नाटक तिनं पाहिलेलं. चहा झाला, मी पिशवीतून तिकिटं काढली. ती उठली, फ्रीजवरच्या डब्यातून शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाली, ‘हे घे. तिकीट मात्र दुसऱ्या कुणाला दे रे. माझ्यानं आता तेवढं बसवत नाही. पण तुझं नुकसान नको.’

मी पैसे घेतले, कारण अकरा राहिली होती. जिना उतरताना कळलं की ती नाटक विकत घेत नव्हती, माझी अडचण भागवत होती, आणि गेली तीन-चार नाटकं बरेच जण तेच करत असावेत. त्या नाटकाचे ठरलेले प्रयोग केले आणि थांबलो. तुमच्याकडं निर्माता असेल, किंवा तिकीटविक्री दुसरं कुणी सांभाळत असेल, तर माझं हे सगळं कारण गळून पडतं आणि तुम्ही खुशाल नाटक करावं. मला तशी सोय कधी मिळाली नाही.

यशाचं काय, असं तिघांपैकी एकीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. पुण्यात आपण यश मोजायला फार लवकर शिकतो. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि या शहरात पन्नाशीतला माणूसही ‘आमच्या वर्षी पुरुषोत्तमला’ अशी सुरुवात करतो. दुसरी मोजपट्टी डॉ. श्रीराम लागूंची. त्यांनी १९६९ साली डॉक्टरकी बाजूला ठेवली आणि पूर्णवेळ रंगभूमीवर आले, तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. चाळिशीच्या हौशी नटाला हा दाखला कुणीतरी देतंच. मलाही दिला गेला आणि त्या आशेवर मी दोन-तीन वर्षं काढली. मोठ्या माणसाचा दाखला आपल्याला धीर देतो, पण आपण काल केलेलं काम चांगलं झालं की नाही, हे तो सांगत नाही.

ते मला भोरच्या राजवाड्यात कळलं. सीन असा होता: नायक जिना उतरतो, थांबतो, हातातलं पत्र उघडतो. मला लाल कापडी बांधणीची चोपडी बगलेत देऊन सांगितलं, डावीकडून उजवीकडं जा, लेन्सकडं बघू नका. बस, एवढंच. मी मनाशी ठरवलं की हा कारकून दर अमावास्येला हिशोब घेऊन वाड्यावर येतो आणि आज त्याला उशीर झालाय. पहिल्या दोन टेकला मी नेमका नायक पत्र उघडताना त्याच्या पुढून गेलो. तेव्हा लक्षात आलं की तो शेवटच्या पायऱ्यांवर तीन पावलं टाकतो आणि चौथ्याला थांबतो. तिसऱ्या टेकला मी त्याच्या पहिल्या पावलाबरोबरच निघालो. तो थांबला तेव्हा मी फ्रेम ओलांडून गेलेलो होतो आणि माझ्या जाण्यानं पत्राची जागा मोकळी झाली होती. कॅमेरामन मान वर न करता म्हणाला, ‘चोपडीवाल्यांचं पासिंग आत्ता होतं तसंच ठेवा.’

त्यानंतर सहा टेक झाले आणि सहाही वेळा मी तसाच गेलो. चित्रपटात ते सव्वा-दीड सेकंद आहे. चेहरा दिसत नाही. खांदा दिसतो आणि चोपडीचं लाल कापड. आठ वर्षांत नाटकाच्या परीक्षणांत माझं नाव तीनदा छापून आलंय आणि ती कात्रणं मी जपून ठेवलीत. पण त्या ‘तसंच ठेवा’चा आनंद जास्त टिकला, कारण तो कामावरच मिळाला होता. कुणाला बोलावून आणावं लागलं नव्हतं.

हे काम नटाचं नाही असं म्हणणाऱ्यांना मी घाशीराम कोतवालची आठवण करून देतो. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला आपल्या भरत नाट्य मंदिरातच झाला. त्यात ब्राह्मणांची रांगच पडदा होते, रांगच भिंत होते. रांगेतला एक जण चुकला की पडद्याला भोक पडतं. पुण्याच्या रंगभूमीवरच्या इतक्या मोठ्या नाटकाचा कणा ओळीनं उभी राहिलेली माणसं आहेत, तर गर्दीत उभं राहण्यात कमीपणा कसा असेल?

मधला एक रस्ता आहे, तोही सांगून ठेवतो. लॉ कॉलेज रोडवरची फिल्म इन्स्टिट्यूट, प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत १९६० साली सुरू झालेली. तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या फिल्मसाठी पुण्यातले नट लागतात. मी दोनदा गेलो. पैसे नाममात्र, रात्री दोन वाजेपर्यंत एका क्लोजअपचे टेक, पण मुलं तुम्हाला सगळी गोष्ट सांगतात आणि तुमचं मत विचारतात. सलग चार-पाच रात्री देता येत असतील तर हे दोन्हीपेक्षा सरस ठरू शकेल. मला नोकरीमुळं जमत नाही.

तुमचं वय पंचविशीच्या आत असेल, तर माझं ऐकू नका, नाटक करा. आवाज आणि अंग त्याच वयात घडतं आणि तुमच्या तिकिटांना माणसंही आनंदानं येतात. चाळिशीच्या आसपास असाल, घर-नोकरी सांभाळून अभिनयाला हात लावायचा असेल आणि लोकांना गळ घालणं तुम्हाला माझ्यासारखंच जड जात असेल, तर मी गर्दीकडं बोट दाखवीन. निदान तीन शिफ्ट करून पाहा. पहिल्या शिफ्टवरून काही ठरवू नका, ती नुसती ऊन आणि ताडपत्री असते.

जाताना साधे, बिनछापाचे तीन शर्ट न्या. पांढरा नको, अगदी बारीक चौकटीचा नको. टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि कपडे बदलल्यावर एक फोटो मोबाइलमध्ये, म्हणजे उपरणं कुठल्या खांद्यावर होतं ते विसरणार नाही. आमचा पुढचा कॉल गुरुवारी मेणवलीच्या घाटावर आहे. मिशी ठेवा असा निरोप आलाय, म्हणून ऑफिसातले आठवडाभर माझ्याकडं बघतायत.