रूप हाच बचाव: ‘आल्त्री तेंपी’तला शेवटचा खटला

इटालियन दिग्दर्शक आलेस्सांद्रो ब्लाझेत्तीच्या ‘आल्त्री तेंपी’ या सिनेमात (१९५२) अनेक छोट्या गोष्टी आहेत. मी फौजदारी वकील असल्यामुळे माझा सगळा जीव शेवटच्या गोष्टीत, ‘फ्रीनेचा खटला’मध्ये अडकला. बाकीच्यांबद्दल फार लिहीत नाही. काही गोड आहेत, काही रेंगाळतात.

एका देखण्या गावाकडच्या बाईवर (जीना लोलोब्रिजिदा) विषप्रयोगाचा आरोप आहे. वकील ठेवायची ऐपत नाही, म्हणून कोर्टाने नेमून दिलेला वकील उभा राहतो, आणि तो आहे व्हित्तोरिओ दे सिका. ‘बायसिकल थीव्ज’चा दिग्दर्शक तो हाच, हे पाच मिनिटांत विसरायला होतं. पुरावा सगळा विरोधात. मग गडी पुराव्याला हातच लावत नाही! मनाने अधू असलेल्याला कायदा सोडतो ना, मग देहाने निसर्गाचं जास्तच देणं मिळालेल्या या बाईला का सोडू नये, असा त्याचा युक्तिवाद. प्राचीन अथेन्सची रूपवान गणिका फ्रीने हिला तिच्या वकिलाने म्हणे असंच वाचवलं होतं. दे सिका आधी चाचपडतो, मग आपल्याच आवाजाच्या प्रेमात पडतो आणि शेवटी कोर्ट सोडून प्रेक्षकांकडे बघून बोलू लागतो. असे वकील मी ऐकलेत. समोर बसून त्यांचा हेवाही केलाय.

आता तक्रारीकडे. या कोर्टात न्यायासनावर पुरुष, सरकारी वकील पुरुष, बचावाचा वकील पुरुष. मूळ गोष्ट लेखक एदोआर्दो स्कार्फोल्योची, काळ एकोणिसाव्या शतकाचा, म्हणजे तेव्हा असंच असणार. त्याबद्दल दिग्दर्शकाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण सिनेमा आला त्या साली तरी काय वेगळं होतं? इटलीत बायकांना १९४६ पासून मत होतं, वकिली त्याच्याही आधीपासून करता येत होती, तरी न्यायाधीश होता येत नव्हतं. खुनाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयात सामान्य नागरिकही न्यायासनावर बसतात. तिथे बायकांना १९५६ च्या कायद्याने जागा मिळाली, तीही सहापैकी किमान तीन पुरुष हवेतच, अशा अटीवर. पूर्णवेळ न्यायाधीशपदाचं दार उघडलं १९६३ मध्ये.

त्या बाकावर तीन बायका बसवून बघा. दे सिकाचं भाषण पहिल्याच मिनिटाला आपटलं असतं. पुरुषांचं कोर्ट हीच या विनोदाची गोम आहे, आणि ब्लाझेत्तीला ती पक्की माहीत असावी, कारण न्यायाधीशांच्या डौलाची त्याने मजेत टर उडवलीय. अडचण एवढीच की कॅमेराही त्यांच्याच रांगेत जाऊन बसलाय. ज्या नजरेला हसायचं, त्याच नजरेने आपल्यालाही तिच्याकडे बघायला लावतो. आरोपीच्या तोंडी वाक्यं किती थोडी! तिने ते केलं असेल तर का केलं, हे विचारायची गरज कुणालाच वाटत नाही, तिच्या वकिलालासुद्धा नाही. माझ्या अशिलाचा असा बचाव मी केला असता तर निकालानंतर तिच्या नजरेला नजर देता आली नसती, मग ती सुटली का असेना.

लोलोब्रिजिदाला मात्र मानलं. संवाद नसताना ती भुवई आणि खांद्यांवर काम भागवते. आपल्याबद्दल जे बोललं जातंय त्याची तिला गंमत वाटतेय की संताप येतोय, हे शेवटपर्यंत कळू देत नाही.

दोन वर्षांनी आलेला, दिग्दर्शक स्तेनोचा ‘ऊन जोर्नो इन प्रेतूरा’ हा सिनेमा याच्या जोडीला बघा. पेप्पीनो दे फिलिप्पो त्यात न्यायाधीश आहे, आणि उघड्यावर नागडा पोहल्याबद्दल कोर्टात उभा केलेला, अमेरिकेच्या नादाने खुळावलेला रोमचा पोरगा आल्बेर्तो सोर्दीने असा रंगवलाय की पोट दुखतं. तिथे निदान आरोपीला भरपूर बोलू दिलंय. पण आधी दे सिकाच. पाचपैकी साडेतीन, आणि ते साडेतीनही मुख्यतः त्याच्या भाषणाला.