भाजलेल्या चेहऱ्यावरची ट्यूब: फीत बांधावी की दाताला तार?

चेहरा भाजलेल्या पेशंटच्या तोंडातून श्वासनलिकेत घातलेली श्वासाची ट्यूब जागेवर बांधून ठेवायची असते. चिकटपट्टीचा विचार इथे नकोच. पाझरणाऱ्या कातडीवर, त्यातून वर सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजल्यावरच्या मलमाचा थर, काही म्हणता काही चिकटत नाही. गालाला चिकटवायचे तयार होल्डरही त्याच कारणाने बाद. मानेमागून पट्ट्याने बसतात ते चालतात, पण त्यांचा त्रास फितीसारखाच. म्हणजे निवड दोनांतच: सुती फीत किंवा दाताला बांधलेली स्टीलची तार.

फीत कुठल्याही वॉर्डात मिळते, सिस्टर चटकन बदलतात आणि अपरात्री दंतवैद्याला उठवावं लागत नाही. पेशंट हलवायचा असेल तर मीही आधी तीच बांधतो.

अडचण आहे सुजेची. पहिले 24 ते 48 तास चेहरा फुगतच जातो. संध्याकाळी बोट सरकेल इतकी सैल बांधलेली फीत पहाटे ओठाच्या कोपऱ्यात रुतलेली असते. भाजलेल्या कानावर दाब आला तर कूर्चा जाते. सैल करावी तर ट्यूब सरकायची धास्ती, आणि सूज उतरली की पुन्हा आवळा. तेही एकवेळ सोसलं असतं. पण दर ड्रेसिंगला फीत सोडावीच लागते: एकाने ट्यूब धरून उभं राहायचं, दुसऱ्याने मलम पुसायचं, हातमोजे बुळबुळीत. त्या घटकेला ट्यूब निसटली तर सुजलेल्या घशात ती परत घालणं म्हणजे जुगार. माझं मन फितीवरून उडालं ते इथे.

दात सुजत नाही. वरच्या पक्क्या दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगत, 24 किंवा 26 गेजची तार पिळायची, मग तीच ट्यूबभोवती, ट्यूब चेपणार नाही इतपत आवळून. गाल, कान, मान मोकळी. ड्रेसिंग करताना ट्यूबला कुणी हात लावत नाही.

कटकटी आहेत. पिळाचं टोक ओठाला टोचतं. ते आत वळवून मेण लावावं लागतं. वायर कटर उशाशीच टांगलेला हवा. दात हलत असतील किंवा नसतीलच, तर जबड्यात स्क्रू बसवायला सर्जन लागतो. तशी सोय नसेल तिथे फीतच बरी, आणि वरचेवर तपासायची तयारी ठेवावी.

दोन्हींत ट्यूब मात्र कापून आखूड करू नये, ओठ फुगले की ती आत गडप होते. युनिट नवं असेल तर तार, पक्कड आणि कटर एका ट्रेमध्ये आधीच लावून ठेवा. सर्जरीच्या रेसिडेंटला गाठ शिकायला फार वेळ लागत नाही.