पीएनआर खरा, तिकीट खरं, तरी परतीचं विमान मिळालं नाही

आधी हे सांगून टाकतो की तिकीट बनावट नव्हतं. विमान कंपनीच्या वेबसाइटवर सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव टाकलं की काका-काकूंची नावं दिसत होती. सीट निवडता येत होती, काकूंचं शाकाहारी जेवण आम्ही तिथूनच सांगितलं. ई-तिकिटाचा तेरा आकडी नंबर होता आणि त्यातले पहिले तीन आकडे त्याच कंपनीचे होते. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८ असे प्रत्येक कंपनीचे आकडे ठरलेले असतात. खोटी पीडीएफ गळ्यात मारून पसार होणारे भामटे वेगळे. ‘पीएनआर तपासून घ्या’ एवढ्या सल्ल्यावर ते पकडले जातात. आम्हाला भेटला तो त्यांच्या वरच्या इयत्तेतला. त्याने स्वतःहून सांगितलं होतं, “काका, आधी वेबसाइटवर तपासा, मगच उरलेले पैसे पाठवा.”

काका साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धाकटी चुलत बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्या बाळंतपणासाठी दोघांना जायचं होतं. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे इकॉनॉमीत पाय मुडपून इतका वेळ बसणं त्यांना जमणार नव्हतं. बिझनेस क्लासचं मुंबई-नेवार्क जाऊन-येऊन तिकीट माणशी चार लाखांच्या घरात दिसत होतं. काका म्हणाले, “एवढ्यात मी शेतात बोअर मारून वर मोटार बसवीन.” मग त्यांच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींतल्या एकाने एक नंबर दिला. त्या गृहस्थांचे व्याही याच माणसाकडून तिकीट काढून कॅनडाला जाऊन आले होते. दोघांचे मिळून चार लाख वीस हजार. म्हणजे सरळ अर्ध्या भावात.

हा माणूस कुठल्या दुकानात बसत नव्हता, सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर. बोलायला मात्र अतिशय मऊ. ‘कॉर्पोरेट कोटा’ हा त्याचा ठेवणीतला शब्द: मोठमोठ्या कंपन्यांना विमान कंपन्या घाऊक सीटा देतात, त्यातल्या उरतात त्या आम्ही काढतो, असं तो सांगायचा. क्रेडिट कार्डाने पैसे देऊ का, असं काकांनी विचारलं तर म्हणाला, “काका, कार्डावर दोन टक्के जादा पडतात, तुमचं नुकसान कशाला?” पैसे गेले एका बचत खात्यात. ते खातं त्याच्या नावावरही नव्हतं, ‘ऑफिसच्या मुलाचं’ होतं. कार्डाने पैसे भरले असते तर बँकेकडे निदान चार्जबॅकची, म्हणजे दिलेले पैसे परत फिरवण्याची, तक्रार तरी करता आली असती. त्या दोन टक्क्यांची काळजी तो कुणासाठी करत होता, हे आता कळतं.

जाण्याचा आणि येण्याचा पीएनआर वेगवेगळा आला. काकांनी कारण विचारलं. उत्तर मिळालं, “कोट्यात तसंच निघतं.” काकांचा त्या कंपनीचा फ्रीक्वेंट फ्लायर नंबर, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेचा सदस्य क्रमांक, होता. मुलीने तो बुकिंगला जोडायचा प्रयत्न केला, तर या तिकिटावर माइल्स, म्हणजे पुढे तिकिटासाठी वापरता येणारे बक्षीस-पॉइंट, मिळणार नाहीत असं आलं. त्यालाही उत्तर तयार होतं, कोट्याच्या तिकिटावर माइल्स नसतात. आणि निघायच्या आदल्या दिवशी एक मेसेज आला: ‘काउंटरवर कुणी विचारलं तर तिकीट पुतण्याने काढून दिलं म्हणून सांगा.’ काकांनी तो मला दाखवला. “अरे, पुतण्या तर तू. तू कधी काढलंस?” उभ्या नोकरीत खोट्या बिलावर सही न केलेला माणूस, त्यांना ते खटकलं. पण बॅगा भरून झाल्या होत्या, लेकीचे दिवस भरत आले होते, आणि पैसे केव्हाच गेले होते.

जाताना काहीच झालं नाही. सहारला टी-टू वर बोर्डिंग पास मिळाले, लाउंजमध्ये काकूंनी गरम इडली खाल्ली, युरोपात विमान बदलून दोघं नेवार्कला उतरली. काकूंनी आडव्या होणाऱ्या सीटचं इतकं कौतुक केलं की फिरायच्या मंडळींत त्या माणसाचा नंबर आणखी दोन-तीन घरांत गेला. ठगाची जाहिरात अशी होते, आणि तीही फुकटात.

फटका परतीला बसला. बहिणीने आदल्या रात्री वेब चेक-इन करायला घेतलं तर बुकिंग सापडेना. त्याला फोन लावला, त्याने लगेच उचलला. “सिस्टिम डाउन आहे ताई, काउंटरवर मिळेल.” काउंटरवरच्या बाईंनी बराच वेळ पडद्यावर शोधून विचारलं, हे तिकीट कुणी काढलं होतं? त्या सदस्याला तुम्ही ओळखता का? काका गप्प राहिले. पुतण्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. मग बाईंनी सांगितलं की हे माइल्सवर काढलेलं अवॉर्ड तिकीट होतं, ज्या खात्यातून निघालं ते कंपनीने गोठवलंय आणि तिकीट आठवड्यापूर्वीच रद्द झालंय. खातं कुणाचं ते गोपनीयतेमुळे सांगता येणार नाही. रद्द झाल्याची ई-मेल गेली होती, पण बुकिंगमध्ये जो पत्ता होता त्यावर. तो पत्ता दलालाचा.

इथे कंपनीलाही दोन शब्द सुनावावेसे वाटतात. प्रवाशांची नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे नंबर, सगळं त्यांच्याकडे होतं. चाकाच्या खुर्चीची विनंतीही होती. सत्तरीतल्या दोन माणसांना परदेशातल्या विमानतळावर पोचल्यावर कळावं, याला नियम म्हणायचं असेल तर म्हणा.

आता घाई कसली होती ते सांगतो. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत उतरल्यावर तिथला अधिकारी मुक्कामाची शेवटची तारीख ठरवून देतो, ती आय-९४ या नोंदीत असते. आईवडील सहसा सहा महिने पुरेपूर वापरतात. काका-काकूही त्या तारखेच्या अगदी जवळ आले होते. स्वस्त तिकिटाची वाट बघत बसायची सोय नव्हती. बहिणीने आयत्या वेळी इकॉनॉमीची दोन एकेरी तिकिटं काढली, अडीच हजार डॉलरच्या वर गेले. म्हणजे अर्ध्या भावातलं तिकीट शेवटी कितीला पडलं, त्याचा हिशोब करा. आणि काकू तशाच पाय मुडपून आल्या. प्रवासाचा विमा काढला होता, पण तो आजारपणाचा; रद्द तिकिटाशी त्याला देणंघेणं नव्हतं.

परत आल्यावर मी हे प्रकरण मुळापासून समजून घेतलं, कारण काकांना एकच प्रश्न छळत होता: तिकीट खरं होतं, तर मग गेलं कुठे?

त्याचं उत्तर असं. माइल्सवर काढलेल्या तिकिटावर नाव प्रवाशाचं असतं, पण सत्ता खातेदाराची. ज्याच्या खात्यातून माइल्स गेले तो ते तिकीट रद्द करू शकतो, माइल्स त्याच्या खात्यात परत जमा होतात. अनेक कंपन्यांत आता त्याला शुल्कही पडत नाही. म्हणजे तुमच्याकडून पैसे घ्यायचे, तिकीट दाखवायचं, निघायच्या आधी रद्द करायचं आणि तेच माइल्स पुढच्या गिऱ्हाइकाला विकायचे, हेही शक्य आहे. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर आपण विहीर खणावी, तसलाच प्रकार. पाणी लागेलही, पण हक्क सांगायला गेलात की तुमचं नाव कुठेच नाही.

दलालाकडे हे माइल्स येतात दोन वाटांनी. एक म्हणजे चोरी. पासवर्ड फुटलेली खाती शोधायची, त्यातून तिकिटं काढायची. खातेदार वर्षातून एखाद्या वेळी शिल्लक बघतो, म्हणून उशिरा कळतं. तो तक्रार करतो, कंपनी त्याचे माइल्स परत देते आणि अजून न वापरलेलं तिकीट रद्द करते. जाण्याचा प्रवास तोवर होऊन गेलेला असतो, परतीचा राहिलेला असतो. दोन पीएनआर वेगवेगळे का होते, याचा अंदाज मला इथे आला: दोन दिशांची तिकिटं दोन वेगळ्या खात्यांतून काढलेली असणार.

दुसरी वाट विकतची. बँकांच्या महागड्या क्रेडिट कार्डांचे पॉइंट विमान कंपन्यांच्या खात्यांत वळवता येतात. ‘पॉइंट पडून आहेत का? रोख घ्या’ असे मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर येत असतील. पैसे मिळतातही. पण त्यासाठी खात्याचा पासवर्ड आणि ओटीपी द्यावा लागतो, आणि माइल्स विकायला जवळपास प्रत्येक कंपनीच्या नियमांत बंदी आहे. पकडलं गेलं की खातं बंद, उरलेले माइल्स बुडाले आणि त्यातून निघालेली तिकिटं रद्द. स्वतः विमान कंपन्या मात्र सवलतीचे सेल लावून हेच माइल्स विकत असतात. पण नियम त्यांचा आहे आणि कोर्टंही बहुतेक त्यांच्याच बाजूने उभी राहिली आहेत. असे दलाल अमेरिकेत १९८० च्या दशकातही होते, तेव्हा कागदी कुपनं विकायचे. कंपन्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. २०१४ मध्ये तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, फार तक्रारी करतो म्हणून नॉर्थवेस्ट या विमान कंपनीने माइल्स योजनेचं सदस्यत्व काढून घेतलेल्या एका रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, दावा फेटाळला. खुद्द सदस्याची ही गत, तर त्याच्याकडून परभारे तिकीट घेतलेल्या तिसऱ्या माणसाला कोण विचारणार?

घरच्या माणसाने स्वतःच्या माइल्सवर तिकीट काढून दिलं तर त्यात काहीच गैर नाही. तिथेही काही कंपन्यांचे निर्बंध आहेत: सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स योजनेत खातेदाराशिवाय पाच ठरवून दिलेली माणसं, जपानच्या एएनए या विमान कंपनीत ठरावीक नात्यातलीच. अनोळखी माणूस ‘मी माइल्सवर काढून देतो’ म्हणाला तर तो तुमचा कितवा पुतण्या, हे आधी विचारावं.

ओळखायचं कसं, तर दलालाच्या पीडीएफवर जाऊ नका. तो स्वतःच्या मनाने रुपयांतलं भाडं छापतो. वेबसाइटवरून कंपनीची मूळ पावती काढा. तिच्यावर भाड्याच्या जागी माइल्स किंवा शून्य आणि पुढे फक्त कर दिसला, तर ते अवॉर्ड तिकीट. बुकिंगचा वर्गही बघा: स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात बिझनेसचं अवॉर्ड तिकीट बहुधा ‘आय’ या अक्षराखाली निघतं, इकॉनॉमीचं ‘एक्स’ खाली. आणि बुकिंगला तुमचा ई-मेल जोडून घेता येतो का ते पाहा. आमच्या दलालाने त्याला साफ नकार दिला होता, ‘कोटा लॉक होतो’ म्हणून.

तक्रारीचं सांगायचं तर १९३० या नंबरवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली. ही यंत्रणा पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत उपयोगी पडते, कारण तोवर रक्कम खात्यात गोठवता येते. आमचे पैसे गेल्याला सहा महिन्यांहून जास्त झाले होते. या फसवणुकीची खरी कारागिरी हीच आहे: पैसे आज जातात, गुन्हा पुढच्या मोसमात उघडकीला येतो. चौकीवर हवालदार म्हणाले, “तिकीट मिळालं, तुम्ही जाऊनही आलात, मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.” त्यांना काउंटरवरून मिळालेलं रद्द झाल्याचं पत्र आणि ‘पुतण्याने काढून दिलं म्हणून सांगा’ हा दलालाचा मेसेज दाखवला, तेव्हा कुठे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे जुन्या चारशेवीसखाली, अर्ज घेतला. ‘ऑफिसच्या मुलाचं’ खातं एका कॉलेजच्या पोराचं निघालं. त्याने ते महिन्याच्या भाड्याने दिलं होतं.

दलालाने आम्हाला ब्लॉकही केलं नाही. बरेच दिवस तो ‘रिफंड प्रोसेसमध्ये आहे काका’ असं लिहीत राहिला, अगदी पाया पडल्याची चित्रं टाकून.

काकांच्या तोंडून कौतुक ऐकून ज्यांनी त्याच्याकडे तिकिटं काढली, त्यातलं एक कराडचं कुटुंब तेव्हा अजून टेक्सासमध्ये होतं, परतीचं तिकीट हातात. काकांनी रातोरात त्यांना फोन केला, मूळ पावती काढायला लावली. अवॉर्ड तिकीटच होतं. रद्द केल्यास पैसे परत मिळणारं दुसरं तिकीट काढून ठेवा, असं काकांनी परोपरीने सांगितलं. त्यांनी नाही काढलं. त्यांचं विमान वेळेवर सुटलं, सीटही बिझनेसचीच मिळाली, आणि ते सुखरूप कराडला पोचले. आता ते लोकांना सांगतात की साताऱ्याच्या साहेबांचं नशीब खोटं, माणूस चांगला आहे. त्यांच्या मेहुण्यांनी दिवाळीचं लंडनचं तिकीट त्याच्याकडेच काढलंय.